वाढत्या अंगाचे

सकाळी नको, मी म्हणाले, संध्याकाळी ये.
दिवसभर उभं राहून पाय जरासा फुगतो,
खरं माप सहानंतर कळतं.
आणि मॅचचे मोजे आण,
ते जाड, निळे, एकाला भोक पडलेले, तेच.

तस्लीम आली, लुनावर पुढे तिचे अब्बा,
जिंतूर रोडला टायर रिमोल्ड करणारे वलीभाई,
नखांत काळं रबर, वरच्या खिशात मोजून आणलेले अठराशे.
पायरीवरच त्यांनी अट घातली,
"वाढत्या अंगाचे घ्या मॅडम,
दोन सीझन जायला पाहिजेत."

वाढत्या अंगाचे.
माझा पाचवीचा स्कर्ट मला सातवीत बसला,
तोवर त्याचा निळा रंग कुठल्या कुठे गेला होता.

गिरवलकरांनी आधी काढला पोपटी जोड,
ट्यूबलाइटखाली नुसता चमचमणारा.
"जगात जर्मनी..." म्हणाले,
आणि पुढचं अख्ख्या दुकानानं पुरं केलं.
तस्लीमची नजर तिथंच अडकली.

मी बूट उलटा केला.
सहा स्टड, लांब, लोखंडी टोकांचे.
असेच होते माझ्या पायात सेलूच्या फायनलला,
मैत्रिणीचे, उसने.
एप्रिलातली काळी माती, वाळून वीट झालेली, जागोजाग भेगा.
मी वळले. पाय वळला नाही.
तुरीची वाळकी काडी मोडावी तसा आवाज गुडघ्यातून आला,
इतका बारीक की रेफ्रीनं शिट्टीसुद्धा मारली नाही.

हे काही मी दुकानात बोलले नाही.
एवढंच म्हणाले, हे नकोत.

"कामून?"

मी शब्द जुळवत होते,
तेवढ्यात वलीभाईंनीच बूट हातात घेतला,
दोन स्टडांच्या मधून अंगठा फिरवला,
रोज फिरवतात तसा, नक्षी किती उरली ते बघायला.
"हा तर ट्रॅक्टरचा टायर! चिखलाचा.
आपल्या स्टेडियमवर चिखल कुठंय?
डांबरावर पळवला हा, तर सगळा हादरा
डायवरच्या कमरेत."
अकरा वर्षं शिकवतेय मी,
इतकं नीट मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग निघाला तो दुसरा. काळा.
खाली बुटक्या रबरी गोट्या, भरपूर.
तस्लीमनं टाच मागे ठोकली, नाडी ओढली.
अंगठ्यापुढे माझं अर्धं बोट मावलं.
चाल. टाच उचलतेय? नाही.
एका पायावर उडी. आता झटकन वळ.
कडेला चावतोय?
"डावा. थोडासा."
तिचा डावा मोठा निघाला, कुणाचाही एक असतोच.
अर्धा नंबर वर गेलो,
उजव्याला आतून पातळ तळवा घातला.

वलीभाई खाली बसले.
बुटाच्या टोकाशी दाबून दाबून
पुढच्या वर्षाची जागा शोधत राहिले.
बोटाखाली सापडत होता तो लेकीचा अंगठा.

पंखा कुरकुरत होता.
"अब्बा, सैल असला की आधी पाय आत पळतो,
मग मी."

ते उठले. अठराशे काढले, पुन्हा मोजले,
साडेसोळाशे काउंटरवर ठेवले.
"रिमपेक्षा मोठा टायर
मी तरी कुठं बसवतो कुणाला,"
हे गिरवलकरांना नव्हतं, मलाही नव्हतं.

लगेच मॅच नको, मी बजावलं,
आठ दिवस अंगणात घाल, चामडं पायाला ओळखू दे.
ती हो म्हणाली आणि काढले मात्र नाहीत.
लुना वसमत रोडच्या गर्दीत शिरली,
मागे दोन नवे तळ, धूळ न लागलेले.

जुने कॅनव्हास पायरीवरच राहिले.
मी उचलले. दोन्हींचे तळ फाटून आरपार,
आणि पुढे, टोकात,
कापसाचा बोळा अजून तसाच.